बंद पडलेल्या संशोधन प्रकल्पाची प्रयोगशाळा पुन्हा कामाला कशी लावायची

प्रकल्प रद्द झाल्याचं पत्र आलं की बहुतेक संस्थांमध्ये पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. वीजबिल वाचवायचं म्हणून आधी एसी बंद होतो. चावी खातेप्रमुखांकडून कुलसचिवांच्या कपाटात जाते. शेजारच्या प्रयोगशाळेतलं कोणीतरी 'दोन दिवसांसाठी' व्हॅक्यूम गेज (निर्वात मोजणारं उपकरण) घेऊन जातं. पावसाळा येतो आणि जातो. दिवाळीनंतर समिती नेमली जाते. ती दार उघडते तेव्हा आत बुरशीचा वास असतो, अर्धीच यंत्रं असतात आणि ती चालवणारी मुलं दुसऱ्या नोकरीला लागलेली असतात. अहवालात वाक्य येतं, 'यंत्रसामग्री कालबाह्य व वापरास अयोग्य'. त्यातली बरीचशी पत्र आलं तेव्हा चालू होती.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. नवा वापर शोधण्याचा टप्पा सहावा आहे आणि सगळ्यांना थेट तिथेच उडी मारायची असते. मुंबईतला, सरकारी अनुदानावर चालणारा प्रकल्प गृहीत धरला आहे. निधी खाजगी असेल तर दुसऱ्या टप्प्यातले कागद बदलतील, बाकी फारसं काही बदलत नाही.

टप्पा १ : पत्र वाचा आणि काहीही बंद करू नका

आधी पत्रातला शब्द पाहा. 'रद्द', 'स्थगित', 'मुदतीपूर्वी समाप्त' आणि 'पुढील हप्ता रोखला आहे' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. स्थगित प्रकल्पाची यंत्रं वाटून टाकली आणि पुढच्या वर्षी निधी परत आला, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. शब्द मोघम असेल तर निधी देणाऱ्या विभागाला लेखी विचारा. फोनवरचं 'हो हो, करा तुम्ही' लेखापरीक्षणाच्या वेळी कामाला येत नाही.

त्याच दिवशी विभागात एका ओळीची सूचना लावा: पुढील सूचनेपर्यंत या खोलीतून एकही वस्तू बाहेर जाणार नाही, उसनीसुद्धा नाही. सुरक्षारक्षकांना सांगा की या खोलीचा गेटपास फक्त अमुक एका सहीने चालेल. कटू वाटतं, पण उसनं गेलेलं गेज, केबल आणि अडॅप्टर परत मिळत नाहीत. चाळीस लाखांचं यंत्र बारा हजारांच्या तुकड्यावाचून पडून राहतं.

मग यंत्रांच्या तीन याद्या करा.

पहिल्या यादीत चालूच ठेवायचं ते: एसी किंवा निदान डिह्युमिडिफायर, उणे ८० अंशांचे फ्रीझर, निर्वात राखणारे आयन पंप, हेलियमचे कॉम्प्रेसर, स्वच्छ कक्षाचा हवा फिरवणारा संच. दुसऱ्या यादीत पद्धतशीर बंद करायचं ते: टर्बो पंप (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचे निर्वात पंप), लेझर, भट्ट्या, चिलर (यंत्राला थंड पाणी पुरवणारा संच). तिसऱ्या यादीत बटण दाबून बंद केलं तरी चालेल असं सगळं.

मुंबईत पहिली यादी कोरड्या हवेच्या शहरांपेक्षा लांब असते. जुलैत हवेची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि बंद खोलीत ती तशीच राहते. कुलाबा, वरळी, माहीम अशा किनाऱ्यालगतच्या इमारतींत त्यात खारट हवा मिसळते. एक पावसाळा एसीशिवाय काढलेल्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग टॉर्चसमोर तिरकं धरून पाहा. काचेवर कडेकडून आत शिरणारे बारीक पांढरे धागे दिसतात. ती बुरशी आहे. ती पुसता येते, पण तिने भिंगावरचं लेपन खाल्लेलं असतं आणि ते परत येत नाही. तेच केबल जोडणाऱ्या बीएनसी कनेक्टरचं: मधल्या पिनेभोवती हिरवट पूड दिसली की ती जोडणी आता मनाला येईल तशी वागणार.

वीज वाचवायचीच असेल तर भिंगं, लेझरचे आरसे आणि डिटेक्टर हवाबंद डब्यांत सिलिका जेल घालून एका लहान खोलीत आणा आणि तेवढ्याच खोलीचा एसी चालू ठेवा.

निर्वात कक्ष कसा ठेवायचा, यात हमखास चूक होते. पंप बंद करून झडप उघडतात आणि खोलीतली दमट हवा आत शिरते. आतल्या भिंतींवर बसलेलं पाणी पुढे कितीतरी दिवस कक्ष तापवून काढावं लागतं. कोरडा नायट्रोजन भरा, ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावा आणि वर तारखेची चिठ्ठी चिकटवा. ज्या कक्षांना आयन पंप आहे ते निर्वातच सीलबंद ठेवा.

*सावधान:* एनएमआर (रेणूंची रचना तपासणारं यंत्र) किंवा तत्सम यंत्रातल्या अतिवाहक चुंबकाला मुख्य बटणाचा काही संबंध नसतो. वीज तोडली तरी आत हेलियम आहे तोवर चुंबकीय क्षेत्र तसंच असतं. लोखंडी ट्रॉली किंवा सिलिंडर घेऊन कोणी आत गेलं तर जीव जाऊ शकतो. हेलियम संपू दिलं तर चुंबक अचानक तापतो आणि द्रव हेलियमच्या प्रत्येक लिटरमागे साधारण साडेसातशे लिटर वायू बाहेर पडतो, म्हणजे बंद खोलीतला प्राणवायू हटतो. पुरवठादार कंपनीच्या अभियंत्याकडून चुंबकातला विद्युतप्रवाह रीतसर उतरवून घ्या. पैसे लागतात. बंद होणाऱ्या प्रकल्पाच्या शेवटच्या खर्चात ते आत्ताच मागून ठेवा, नंतर ते कोणत्याच खात्यात बसत नाहीत.

टप्पा २ : हे आहे कोणाचं?

खोलीतल्या वस्तू संस्थेच्याच आहेत असं गृहीत धरू नका. एका प्रयोगशाळेत सहज चार-पाच मालक निघतात.

मंजुरीपत्र काढा आणि मालमत्तेचं कलम शोधा. केंद्र सरकारच्या अनुदानातून घेतलेली यंत्रं निधी देणाऱ्या विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा मूळ हेतूपेक्षा वेगळ्या कामाला लावता येत नाहीत. २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (जीएफआर) ही अट आहे आणि बहुतेक मंजुरीपत्रांत ती पुन्हा छापलेली असते. 'वेगळ्या कामाला' हे शब्द नीट वाचा. संशोधनाचं यंत्र पदवीच्या वर्गाला प्रात्यक्षिकासाठी देणं हेही त्यात येऊ शकतं. परवानगी सहसा मिळते. न मागता केलं की अडचण होते.

सोबतच उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए, आणि उरलेल्या रकमेचा व व्याजाचा हिशोब पूर्ण करा. तो लटकलेला असताना यंत्रांच्या हस्तांतराची फाईल पुढे सरकत नाही, मग तुम्ही दिल्लीला कितीही स्मरणपत्रं पाठवा.

पुढे आयात केलेली यंत्रं. संशोधन संस्था म्हणून सीमाशुल्कात सवलत घेतली असेल तर यंत्र बसवल्यापासून पाच वर्षं ते विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही अशी अट असते. ती सवलत कोणत्या अधिसूचनेखाली घेतली हे बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या सीमाशुल्क कागदावर) लिहिलेलं असतं. ते भांडारात मिळालं नाही तर क्लिअरिंग एजंटकडे प्रत असते. या अटीचा विसर पडलेली फाईल मी शेवटच्या सहीपर्यंत जाऊन परत आलेली पाहिली आहे.

बाकीचे मालक चटकन पाहा. गॅस सिलिंडर आणि द्रव नायट्रोजनची काही भांडी पुरवठादाराची असतात आणि त्यांचं भाडं चालू असतं. सहयोगी संस्थेने वापरायला दिलेली यंत्रं त्यांची. आधीच्या एखाद्या प्रकल्पातून आलेली वस्तू त्या प्रकल्पाच्या डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असते. सॉफ्टवेअरचा परवाना बऱ्याचदा व्यक्तीच्या किंवा एका संगणकाच्या नावावर असतो आणि यंत्राबरोबर आपोआप जात नाही.

*इथे थांबून तपासा:* प्रत्येक मोठ्या यंत्रासमोर मालकाचं नाव आणि कोणाची परवानगी लागेल ते लिहिलं गेलं का? एखादा रकाना रिकामा असेल तर ते यंत्र पुढच्या कुठल्याही यादीत घालू नका.

टप्पा ३ : धोकादायक वस्तू आधी बाहेर काढा

नवा वापरकर्ता पाहायला येण्याआधी खोली निर्धोक हवी. कोणी फुकट यंत्र घेतं, पण कोपऱ्यातली नाव नसलेली बाटली कोणी घेत नाही.

किरणोत्सर्गी स्रोत असतील तर पहिला फोन संस्थेच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला. सीलबंद स्रोत दुसऱ्या संस्थेला द्यायचा असो की परत पाठवायचा असो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि अर्ज त्यांच्या ई-लोरा प्रणालीवर होतो. स्रोत मूळ पुरवठादाराकडे परत जातो. वाशीच्या ब्रिटकडून (किरणोत्सर्गी स्रोत पुरवणारी अणुऊर्जा विभागाची संस्था) घेतला असेल तर तिकडे. एक्स-रे विवर्तन यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसला तरी ते नियामक मंडळाच्या नोंदीत असतं. त्यामुळे हलवणं किंवा मोडीत काढणं कळवावं लागतं. या यंत्राच्या नळीला आणि काही डिटेक्टरना बेरिलियमची पातळ खिडकी असते. ती फुटली तर पूड विषारी, म्हणून नळी हाताळणं जाणकारावरच सोडा.

शिशाच्या विटा मोजून कुलपात ठेवा. त्या विषारी आहेत आणि भंगारात त्यांना भावही चांगला येतो. दोन्ही कारणं कुलपासाठी पुरेशी आहेत.

रसायनांची तीन गटांत विभागणी करा: न उघडलेली आणि मुदतीतली, उघडलेली पण ओळखता येणारी, आणि नाव नसलेली. पहिला गट इतर विभागांना द्या. बाकीचे दोन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचरा केंद्राकडे जातात. मुंबई परिसरासाठी असं केंद्र तळोज्याला आहे. नाव नसलेल्या बाटल्या स्वीकारण्याआधी ते नमुना तपासतात आणि त्याचे पैसे घेतात. म्हणून बाटलीत काय आहे ते आठवणारा विद्यार्थी अजून शहरात असेल तर आजच त्याला बोलवा. जुना इथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान असेल आणि झाकणाभोवती स्फटिक दिसत असतील, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. त्यात स्फोटक पेरॉक्साइड असू शकतं.

सिलिंडर पुरवठादाराला परत करा. चाचणीची तारीख उलटली असेल तर वाहतुकीआधी त्याला कळवा, तो त्याची व्यवस्था करून नेतो. उच्च दाबाच्या टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असेल तर तो हवेत सोडू नका, काढून घेणारं यंत्र असलेल्या संस्थेकडून परत भरून घ्या. तापमानवाढीच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून जास्त भारी आहे आणि शिवाय महाग.

टप्पा ४ : मोजदाद करा, पण रजिस्टरवरून नको

डेडस्टॉक रजिस्टर हातात घेऊन खोलीत शिरलात की फक्त रजिस्टरात असलेलंच दिसतं. उलट करा. खोलीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून दिसेल ती वस्तू लिहा, फोटो काढा, नंतर रजिस्टरशी ताळा करा. रजिस्टरात आहे पण खोलीत नाही, आणि खोलीत आहे पण रजिस्टरात नाही, अशा दोन वेगळ्या याद्या निघतील. दुसरी यादी बऱ्याचदा जास्त मोलाची असते. हाताने बनवलेले नमुनाधारक, जुळवून घेतलेले फ्लँज, विद्यार्थ्याने जोडलेला ॲम्प्लिफायर यांची खरेदी झालेली नसते, म्हणून नोंद नसते. पण मुख्य यंत्र त्यांच्याशिवाय मुकं असतं.

म्हणून वस्तू नव्हे, संच मोजा. एका संचात यंत्र, त्याचा पंप, चिलर, नियंत्रक, संगणक, तो संगणक ज्या जुन्या विंडोजवर चालतो ती प्रत, डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारा चावीसारखा तुकडा), केबल, पुस्तिका आणि कॅलिब्रेशनचं शेवटचं प्रमाणपत्र. संचातल्या प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक, पुढे अ, ब, क. हा क्रमांक वस्तूवर चिकटवा. मार्करने लिहिलेलं पुसलं जातं आणि कागदी लेबल दमट हवेत गळून पडतं. प्लॅस्टिकचं टॅग तारेने बांधा.

अवस्थेच्या रकान्यात 'चालू', 'बंद' असं लिहू नका. लिहायचं असं: अमुक तारखेला चालवून पाहिलं आणि ठरलेलं काम केलं / चालू होतं, पण अमुक मोजमाप चुकतं / चालवून पाहिलेलं नाही. तिसरा शेरा प्रामाणिक असतो आणि घेणाऱ्याला उपयोगी पडतो. बरीच वर्षं पडून असलेले उच्च व्होल्टेजचे वीजपुरवठे थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करू नका. आतले कपॅसिटर सुकलेले असतात, व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं.

आता या टप्प्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते कुठल्याही नमुना-अर्जात नसतं. तंत्रज्ञ, प्रकल्प सहायक आणि प्रयोगशाळेतले मामा यांना यंत्रासमोर उभं करा आणि सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतचं सगळं मोबाइलवर चित्रित करा. "मामा, हे सुरू करताना काय काय करता ते बोलत बोलत दाखवा," एवढंच म्हणा. पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी तिथे बाहेर येतात. एका यंत्राच्या रॅकच्या पाठीमागे मेडिकल टेपने चिकटवलेली चिठ्ठी होती: 'पाण्याचा नळ अर्धाच. पूर्ण उघडला तर चिलर ट्रिप.' ही ओळ नसती तर नव्या मालकाने चिलर बिघडलेला समजून नवा मागवला असता.

प्रकल्पावरच्या माणसांची मुदत बहुधा पत्रासोबतच संपते. निधी देणाऱ्याकडे तीन महिन्यांची मुदतवाढ मागायचीच असेल तर यंत्रासाठी मागू नका, एका तंत्रज्ञाच्या पगारासाठी मागा. लॉगबुकं, वह्या आणि डेटा स्कॅन करून संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्या.

टप्पा ५ : जागा, यंत्रं आणि सेवा वेगवेगळ्या करा

तिन्हींचा निर्णय एकत्र घेतला जातो आणि त्यामुळेच तो लांबतो. समितीतल्या एकाला खोली हवी असते, दुसऱ्याला यंत्र, आणि दोघंही एकमेकांची फाईल अडवून बसतात.

मोठ्या प्रमाणावर हे कसं दिसतं ते अमेरिकेतल्या दोन प्रकल्पांवरून कळतं. टेक्सासमधल्या वॉक्साहॅची इथला सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं यंत्र) १९९३ मध्ये संसदेने रद्द केला. ८७ किलोमीटरच्या नियोजित बोगद्यापैकी सुमारे २३ किलोमीटर खणून झाला होता आणि सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले होते. उपकरणं इकडेतिकडे गेली, बोगद्यात पाणी साचलं, आणि जमिनीवरच्या इमारतींना कायमचा वापरकर्ता मिळायला २०१२ उजाडलं. तोही एक रसायन कंपनी. याउलट न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेचा इसाबेल हा प्रकल्प १९८३ मध्ये रद्द झाला, पण त्याच्या ३.८ किलोमीटरच्या बोगद्यात पुढे त्याच संस्थेने आरएचआयसी हा कोलायडर बसवला. तो २००० मध्ये सुरू झाला. फरक पडला तो मालक बदलला नाही म्हणून, आणि बोगद्याला वीज, थंडावा, क्रेन, कुशल माणसं अशा सेवा जवळच होत्या म्हणून. रिकाम्या शेतात खणलेला बोगदा नुसता खड्डा राहतो.

आपल्याकडच्या खोलीलाही हेच लागू. खोलीचं मोल चौरस फुटांत काढू नका. या गोष्टींची नोंद करा:

मंजूर वीजभार किती आणि थ्री-फेज आहे का. वेगळा अर्थिंगचा खड्डा आहे का, त्याचा रोध शेवटचा कधी मोजला. थंड पाण्याची लाइन. छताची उंची आणि क्रेन. जमिनीची भार पेलण्याची क्षमता, तीही आराखड्यावरून, अंदाजाने नाही. फ्युमहूडचा (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा) धूर बाहेर कुठे जातो. आणि कंपनं.

मुंबईत शेवटचा मुद्दा आता वारंवार येतो. कफ परेड ते आरे अशी मेट्रो ३ जमिनीखालून धावते, रस्त्यांवर कुठे ना कुठे पायलिंग चालू असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत पाच वर्षांपूर्वी मोजलेली कंपनं आज तशीच असतील याची खात्री नाही. शहर बदलतं तशी जागेची लायकी बदलते. ट्राम विजेवर चालणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती. तेव्हा पुन्हा मोजा, मगच खोली कशाला योग्य ते ठरवा.

अशा सेवा असलेली खोली वर्गखोली किंवा कार्यालय करणं हा सर्वात महागडा निर्णय. पुन्हा थ्री-फेज, अर्थिंग आणि एक्झॉस्ट घालायला लाखो रुपये जातात. फोर्टमधल्या जुन्या इमारतींत तर वारसा यादीमुळे नवीन एक्झॉस्टसाठी भिंतीला भोक पाडायलाही परवानगी लागू शकते. नुसतीच खोली आहे, सेवा काही नाहीत? मग खुशाल वर्ग घ्या.

टप्पा ६ : नवा वापर शोधा

आता शोधा, आणि हा क्रम सोडू नका: तेच काम आपल्याच संस्थेत, तेच काम दुसऱ्या संस्थेत, जवळचं काम, शिक्षण, प्रदर्शन, सुटे भाग. वरच्या पायरीला लेखी नकार आल्याशिवाय खालच्या पायरीवर उतरू नका.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे केंद्राचं आय-स्टेम पोर्टल. त्यावर यंत्र नोंदवलं की बाहेरचे संशोधक वेळ मागू शकतात, आणि यंत्र कुठेही न हलवता शुल्कावर चालू राहतं. सामायिक वापराची मार्गदर्शक तत्त्वं विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये 'श्रीमान' या नावाने काढली आहेत. ती फाईलला जोडा, म्हणजे 'बाहेरच्यांना कसं देणार?' हा प्रश्न मिटतो. पवईच्या आयआयटीतलं 'सैफ' केंद्र बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतं. दर आणि अर्जाचा नमुना कसा असतो ते तिथे पाहून घ्या, नव्याने शोध लावू नका.

'जवळचं काम' शोधताना यंत्राचं नाव विसरा, ते काय करतं ते लिहा. 'मूलद्रव्यांच्या पातळ थरांसाठीचा निर्वात कक्ष' असं लिहिलं की भौतिकशास्त्रवालेच येतात. '१०⁻⁶ मिलिबारपर्यंत जाणारी, ४०० अंशांपर्यंत तापणारी स्टीलची टाकी' असं लिहिलं की माटुंग्याच्या आयसीटीतले (रसायन तंत्रज्ञान संस्था) रसायन अभियंते, व्हीजेटीआयचे यंत्र अभियंते, एखादा सेन्सर बनवणारा उद्योजक असे सगळे वाचतात. फ्रीझर, सेंट्रिफ्यूज, स्वच्छ कक्ष यांना तर परळच्या वैद्यकीय संस्थांतून मागणी असतेच.

अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचा कोणता भाग स्वतंत्रपणे उभा राहू शकतो तेही पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) पुढाकारातल्या न्यूट्रिनो वेधशाळेची तमिळनाडूतली डोंगराखालची गुहा झाली नाही, पण मदुराईत उभारलेला ८५ टनांचा छोटा डिटेक्टर वैश्विक किरणांतल्या म्युऑन कणांच्या नोंदी घेतो आणि डिटेक्टरच्या चाचण्यांना कामी येतो. असा तुकडा तुमच्याकडेही असेल. तो सुटा करण्याआधी शोधा, नंतर नाही.

शिक्षणासाठी द्यायचं तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, विद्यापीठाचे कलिन्यातले विभाग किंवा आसपासची महाविद्यालयं यांना विचारा. प्रदर्शनासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद. पण अख्खं यंत्र ढकलू नका. त्यांना उघडून दाखवता येईल असा एखादा भाग हवा असतो, दोन टनांचं कपाट नको असतं.

मागणाऱ्या प्रत्येकाला चार प्रश्न लेखी विचारा. चालवणारा माणूस कोण, नावानिशी? वर्षाचा देखभालीचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली? ठेवायची खोली आज तयार आहे का? पहिल्या सहा महिन्यांत कोणतं काम करणार?

*सावधान:* 'द्या ना, आम्ही बघू काहीतरी' असं म्हणणाऱ्याला यंत्र देऊ नका, तो कितीही ज्येष्ठ असो. फुकट मिळालेलं यंत्र चालवायला फुकट नसतं. ज्याच्याकडे वार्षिक देखभालीची तरतूद नाही त्याच्या व्हरांड्यात ते ताडपत्रीखाली जातं, आणि व्हरांड्यातलं यंत्र एका पावसाळ्यात संपतं.

टप्पा ७ : आधी चालवून पाहा, मग सही करा

निवडलेल्या वापरकर्त्याला यंत्र लगेच नेऊ देऊ नका. तीन महिने आहे तिथेच वापरू द्या. त्याची माणसं येतील, जुन्या तंत्रज्ञाकडून शिकतील, त्यांचे नमुने लावतील. निम्मे इच्छुक या काळात आपसूक गळतात, आणि ते बरंच आहे. टिकलेल्याला नक्की कोणती सुटी वस्तू हवी ते कळलेलं असतं.

सामंजस्य करारात नेहमीची कलमं असतातच. ती सोडून तीन कलमं जरूर घाला: सलग सहा महिने वापर नसेल तर यंत्र परत घेता येईल, लॉगबुक वर्षातून एकदा दाखवायचं, सुटे भाग काढायचे तर लेखी परवानगी. शेवटच्या कलमावर कुरकुर होते. होऊ द्या.

टप्पा ८ : हलवणं

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काही हलवू नका. नाइलाजच असेल तर बंद कंटेनरची गाडी, आत सिलिका जेल, व्हॅक्यूमची पिशवी. उघड्या टेम्पोवर ताडपत्री म्हणजे संरक्षण नव्हे.

निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक दाराची, वळणाची आणि लिफ्टची मापं घ्या, इथली आणि तिथलीही. लिफ्टच्या पाटीवर 'दहा व्यक्ती' लिहिलेलं असलं की ६८० किलो, पण एकाच जागी चाकांवर उभा असलेला ६०० किलोचा चुंबक म्हणजे दहा माणसं नव्हेत. लिफ्टच्या कंपनीला विचारा. दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना वेळेची बंधनं आहेत, ट्रक आणि हायड्रा क्रेनच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून आधी नक्की करा. चढ-उतार नोंदणीकृत माथाडी कामगारांकडून करायची असेल तर मंडळाचे दर आधी समजून घ्या. गाडी दारात उभी असताना सुरू झालेली घासाघीस यंत्रावरच निघते.

यंत्राचे वाहतुकीचे स्क्रू, म्हणजे प्रवासात हलणारे भाग जखडून ठेवणारे लाल रंगाचे बोल्ट, बहुधा पहिल्या दिवशीच काढून एखाद्या खणात टाकलेले असतात. चौथ्या टप्प्यातल्या मोजदादीत ते शोधा. टर्बो पंप पूर्ण थांबल्याची खात्री करून, तेल काढून, पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीतच बांधा. सोडवताना प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक लावा आणि फोटो काढा. 'आठवेल' असं वाटणारी केबल आठवत नाही.

टप्पा ९ : उरलेलं

उरलेल्याचं रीतसर निर्लेखन करा. केंद्रीय अनुदानाच्या वस्तूंसाठी अहवाल जीएफआर १०च्या नमुन्यात, समितीच्या सह्यांसह. किंमत ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव. इलेक्ट्रॉनिक वस्तू २०२२च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्या आणि पावती फाईलला लावा. कुर्ल्याच्या भंगारवाल्याचा भाव चांगला असतो हे खरं, पण त्याची पावती लेखापरीक्षक धरत नाही.

लिलावाआधी संगणकांच्या हार्ड डिस्क काढून घ्या. यंत्राच्या आत लपलेल्या नियंत्रक संगणकातलीही काढा, ती सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. मोटारी, स्टीलचे फ्लँज, ऑप्टिकल टेबलं, रॅक आणि चांगल्या केबल भंगारात न टाकता एका खणात ठेवा आणि यादी सर्व विभागांना पाठवा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधूनही न मिळणारा कनेक्टर त्यात निघतो.

हे सगळं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करू नका. तेव्हा भांडार, लेखा आणि खरेदी तिन्ही विभाग वर्षअखेरीत बुडालेले असतात, समितीच्या सह्या न वाचता होतात, आणि चालू पंप भंगाराच्या ढिगात जातो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरा.

यंत्र दिल्यावर सहा महिन्यांनी नव्या जागी स्वतः जा. फोन करून विचारलं तर 'छान चाललंय' असंच ऐकू येतं. लॉगबुकची शेवटची तारीख पाहा, चिलरच्या टाकीतलं पाणी पाहा, आणि लाल बोल्ट अजून लावलेलेच आहेत का ते पाहा. असतील तर करारातलं यंत्र परत घेण्याचं कलम पुढे करा आणि यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावा.